झेंडा मेला की गाडी उभी

उस्तादच्या सदऱ्यावर जितके टाके होते तितकी वावधनं त्यानं गाडीत बसून काढली होती. वावधन म्हणजे वादळवारं, आमच्या बुलढाण्याकडं तसंच म्हणतात. वारं सुटलं की तो ट्रक उभा करायचा, काचा वर घ्यायचा आणि सीटखालून एक डबी काढायचा. बिडीतंबाखूची नाही. तिच्यात सुई, पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि चार बटणं. बाहेर पत्रे उडताहेत, फांद्या मोडताहेत, आणि हा माणूस मांडीवर सदरा घेऊन शिवत बसलेला. फाटला नसला तरी शिवायचा. शिवण तरी कशी, पोत्याचं तोंड शिवावं तशी.

त्याच्याबद्दल सांगतो, पण आधी एक सांगून टाकतो. माझी बायको कौसल्या चार वर्षांमागं अशाच वावधनात गेली. अंगणातला मका झाकताना गेली. तिची गोष्ट उस्तादनं मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरच्या निम्म्या ड्रायव्हरांना सांगितली. आज ढाब्यावर कोणालाही विचारा, 'मक्यावाली बाई' म्हटलं की त्याला माहीत असतं. लोभी बाई. चार पोत्यांसाठी जीव घालवणारी बाई. या गोष्टीत एक खोटं आहे. ते खोटं उस्तादचं नाही, माझं आहे. आणि उस्ताद कसा माणूस होता हे माहीत नसेल तर ते खोटं किती मोठं आहे ते कळणार नाही.

तो रोहिणखेडचा. जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत घर. बुटका, मान जवळजवळ नाहीच, दाढीला मेंदी. स्टेअरिंगच्या वर त्याचं डोकं दिसायचं तेवढंच, म्हणून समोरून येणाऱ्याला वाटायचं की गाडी आपल्या आपण चालून राहिली. लांबच्या फेरीला एका गाडीवर दोन ड्रायव्हर लागत. पहिला तो, दुसरा मी. अकरा वर्षं आम्ही एका गाडीवर काढली. मी चौथी शिकलेलो, तो तेवढंही नाही, पण मैलाचे दगड बरोबर वाचायचा.

रस्त्यानं जाताना त्याची नजर झेंड्यांवर असायची. देवळावरचा भगवा, दर्ग्यावरचा हिरवा, चौकातला पार्टीचा, सगळे पाहायचा. दुपारभर फडफडणारा झेंडा एकदम काठीला चिकटला की म्हणायचा, "झेंडा मेला." बस्स. पुढं दहा-पंधरा मिनिटांत वारं येणार हे ठरलेलं. मग तो जागा शोधायचा. झाड नको, विजेचा खांब नको, जाहिरातीचा मोठा फलक नको, पत्र्याचं हॉटेल नको. उघडं रान पाहिजे. तिथं गाडीचं तोंड वाऱ्याकडं करायचा, म्हणजे वारं आडवं लागत नाही, चाकांना लाकडी ठोकळे लावायचा आणि वर येऊन डबी काढायचा.

एकदा मी म्हटलं, "उस्ताद, झेंडा पाहता का रस्ता पाहता?"

"रस्ता कुठं जाते बे? झेंडा जाते."

"कोणाच्या झेंड्यावर जास्त भरवसा तुमचा?"

"सगळेच वाऱ्याचे नोकर. ज्याचा कपडा पातळ, त्याचा भरवसा जास्त."

दुसरी खोड ताडपत्रीची. सकाळी माल भरला की कडक उन्हात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, तो ताडपत्री पूर्ण बांधायचा. दोर ओढायचा, गाठ मारायची, आणि मग त्या गाठीला दोन्ही हातांनी लोंबकळायचं. गाठ धरली तर धरली, नाहीतर हा धपकन खाली. मोताळ्याच्या बाजारात लोक उभे राहून पाहत. दुसरे ड्रायव्हर ओरडायचे, "उस्ताद, उन्हानं माल भिजते का?" एक जण तर रोज विचारायचा, "तिकडं एक ढग दिसून राह्यला, खाली चटई टाकू का तुमाले पडाले?" उस्ताद त्याला म्हणायचा, "टाक. तुह्या बाजूनं टाक. तुले लागन."

त्याचं म्हणणं एवढंच होतं की ताडपत्री बांधायचं काम सकाळचं. वारं सुटल्यावर त्या कामाला हात लावायचा नाही. आमच्या लाईनीत उलटं चालतं. दिवसभर माल उघडा न्यायचा, कारण बांधायचा कंटाळा, आणि आभाळ काळं झालं की मालावर चढायचं. पंधरा फूट उंचीवर, पायाखाली पोती, हातात खोलीएवढी ताडपत्री, वर विजा. दोर सुटू नये म्हणून हाताला वेढा मारून घ्यायचा. सगळे असंच करतात. मीही करत होतो. वारं त्या ताडपत्रीत शिरलं की माणूस दोराच्या टोकाला पतंगाच्या शेपटीसारखा असतो, हे उस्तादच्या आधी मला कोणी सांगितलं नव्हतं.

रिकामी गाडी असली की वरची ताडपत्री मागंपुढं मोकळी करायचा, वारं आरपार गेलं पाहिजे म्हणून. फरशी पुलावरून पाणी वाहत असलं की चावी खिशात. एकदा मी चिडून म्हटलं, "गुडघाभर तर पाणी हाये, उस्ताद."

"कोणाचा गुडघा बे? तुहा का टायरचा?"

दोन दिवस थांबलो होतो तेव्हा. मागं गाड्यांची रांग, शिव्यांचा पाऊस. त्यानं रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडले आणि खिचडी लावली. शिव्या देणाऱ्यालाही वाढली. खाणाऱ्यानं खाऊन पुन्हा शिवी दिली, ती उस्तादनं घेतली.

कोणी म्हणायचं त्याचा भाऊ वादळात मेला, कोणी म्हणायचं मेव्हणा. मी एकदा सरळ विचारलं, "उस्ताद, तुमचं कोण गेलं वावधनात?"

"कोणी नाही."

"मंग एवढं काऊन भेता?"

"मले जगायचं हाये. त्याले कोणी मराच लागते का आधी?"

कौसल्याला तो आवडायचा. आमचं गाव मोताळ्याहून दोन कोस. गाडी त्या अंगानं गेली की उस्ताद आमच्या ओट्यावर भाकर खायचा. एकदा तिनं त्याचा सदरा पाहिला आणि हसायलाच लागली. "उस्ताद, हे काय शिवलं वो? गोणपाट हाये का हे?" त्याला बनियनवर बसवून तिनं सगळे टाके उसवले आणि बारीक, सरळ शिवून दिलं. उस्तादनं सदरा उलटसुलट पाहिला. खूष होईल असं आम्हाला वाटलं. तो तर रडकुंडीला आला.

"कौसाबाई, हे तुम्ही काय केलं? आता बीबी गावचं वावधन कोणतं आन् चिखलीचं कोणतं, मले कसं समजन?"

ती दोन दिवस हसत होती. मला म्हणाली, "तुमच्यापक्षा तो बरा. थांबते तरी." मी तेव्हा घाईचा माणूस होतो. घरी आलो तरी चप्पल न काढता जेवायचो.

आता साखरेचं सांगतो.

बीबीच्या अलीकडं आम्ही साखरेची पोती घेऊन येत होतो. आमची गाडी आणि मागं आमच्याच शेठची, म्हणजे मालकाची, दुसरी. झेंडा मेला, उस्तादनं उघड्यावर गाडी लावली. वारं सुटलं आणि ताडपत्रीच्या एका कोपऱ्याची कडीच फाटून निघाली. तो कोपरा टपावर असा आपटायला लागला की कोणी लाथा मारतंय. पावसाचे थेंब सुरू. मी दार उघडून वर चढायला निघालो, तोच उस्तादनं मागून माझा पट्टा धरला.

"सोडा उस्ताद! साखर हाये ते, पाणी होईन तिचं!"

"साखर शेठची हाये. तंगडं तुहं हाये. बस."

"मागचा चढला पाहा!"

"चढू दे. तू बस."

मी त्याला ढकललं. त्यानं मला खाली दाबलं. बुटका होता पण गाठीला लोंबकळून हात लोखंडाचे झालेले. मग त्यानं सुई माझ्या हातात दिली. "दोरा ओव. तुहे डोळे चांगले हायेत." वर साखर भिजून राहिली आणि मी खाली सुईत दोरा ओवून राहिलो. दोरा जाईना. गेला तोवर वारं अर्धं सरलं होतं. मग फाळक्यातून गोड पाणी गळायला लागलं. शेठच्या गोदामापर्यंत आमच्या मागं माश्या होत्या.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर वर चढला, बांधलं, उतरला. त्याला काहीही झालं नाही. त्याचा माल कोरडा. उस्ताद ही गोष्ट सांगताना हेही सांगायचा. लोक म्हणत, एवढं कशाला सांगता, गोष्टीची मजा जाते. तो म्हणायचा, "जे झालं ते झालं. खोटी गोष्ट सांगून कोणाले थांबवलं तर तो एक दिवस थांबन. खरी सांगतली तर रोज थांबन."

शेठनं विचारलं, "त्याचा माल कोरडा आन् तुहा काऊन ओला?"

"तो चढला. मी चढू देलं नाही."

"चूक झाली म्हण."

"चूक नाही झाली, शेठ. माल भिजला."

शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं. उस्तादनं मला धरून बसवलं होतं हे मी सांगितलं, पण बरं केलं असं नाही सांगितलं. त्याची गाडी गेली आणि ती मला मिळाली. चावी त्यानंच माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "डाव्या बाजूची मागची कडी नवी लावून घे. आन् सकाळी बांधत जा."

त्यावर त्यानं कधी एक शब्द काढला नाही. मी मात्र त्याचं सगळं घेतलं. सकाळी ताडपत्री, झेंडा, उघडं रान, काचा वर. घाईचा माणूस होतो तो थांबणारा झालो. माझ्या डोळ्यासमोर कितीक गेले, मी नाही गेलो. ते त्याच्यामुळं.

पुढं त्याला कोणी गाडी दिली नाही. मग तो मोताळ्याच्या रस्त्यावर एका ढाब्यावर जाऊन बसायला लागला. रोज. रोहिणखेडहून काळीपिवळी जीपनं यायचा, खाटेवर बसायचा, समोरच्या देवळाचा झेंडा पाहायचा. झेंडा मेला की काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध. "थांब बे! कुठं मराले चालला?" काही थांबत, काही काठीला वळसा घालून जात. ढाबेवाल्याला वाटायचं आपली गिऱ्हाइकी वाढते, म्हणून चहा फुकट.

थांबलेल्यांना तो गोष्टी सांगायचा. प्रत्येक गोष्ट एका मेलेल्या माणसाची. फलकाखाली गाडी लावणाराची. झाडाखाली उभा राहणाराची. गाडीवर विजेची तार पडली तेव्हा एक पाय खाली ठेवणाराची. ही शेवटची सांगताना तो खाटेवर उभा राहायचा आणि दोन्ही पाय जोडून उडी मारून दाखवायचा, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी हात-पाय लागू द्यायचे नाहीत म्हणून. सत्तरीच्या वर वय. एकदा अशा उडीत गुडघा सुजला तर महिनाभर लंगडला, पण गोष्ट सांगायची सोडली नाही. नुसता म्हणायचा, "उडी मी मारत नाही, तुम्ही मनात मारा."

आणि कोणतीही गोष्ट तो ऐकीव सांगत नसे. कुठं माणूस गेला असं कळलं की त्याच्या गावाला जायचा. घरच्यांजवळ बसायचा, रडायचा आणि मग विचारायचा, काय झालं, कुठं उभा होता, कोण काय बोललं. काही घरांतून त्याला हाकललं. पण लाईनीत सगळ्यांना ठाऊक होतं की उस्तादची गोष्ट म्हणजे पाहून आलेली गोष्ट.

तसाच तो माझ्या घरी आला.

त्या दिवशी मी जालन्याहून सळई घेऊन निघालो होतो. साठी उलटली होती तरी गाडी सोडली नव्हती. उन्हाळ्याचे दिवस, अवकाळीचे. चिखलीच्या अलीकडं एका देवळाचा झेंडा मेलेला दिसला. मी उघड्या रानात गाडी लावली, तोंड वाऱ्याकडं, ठोकळे, काचा वर. लोखंडाची गाडी, वाऱ्यानं हलत नाही. सळईला पाऊस काय करणार. मी फुटाणे काढले, खात बसलो आणि घरी फोन लावला.

"आभाळ आलं का तिकडं?"

"आलं ना. लई काळं हाये. पत्रे वाजून राह्यले. मी दार लावून बसली."

"मका?"

"बाहीर हाये. राहू द्या."

"राहू द्या काय? वर ताडपत्री टाक ना. माळ्यावर गाडीची जुनी हाये ते."

"जड हाये वो ते. आन् वारं लई हाये."

"अवो, पाच मिनिटाचं काम हाये. टाक आन् चार दगड ठेव."

फोनमधून पत्र्यांचा आवाज येत होता.

"तुम्ही थांबले का?" तिनं विचारलं.

"हाव. मी थांबलो."

"बरं केलं," म्हणाली. आणि "बरं, टाकते," म्हणाली. फोन ठेवला.

शेजाऱ्यांनी सांगितलं ते असं. ती मक्याच्या ढिगावर चढली होती. एक बाजू टाकली होती, दगडही ठेवले होते. दुसऱ्या बाजूचा दोर तिनं हाताला वेढा मारून धरला होता. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण माझं पाहून येत होतं, जुन्या दिवसांतलं. वारं खालून शिरलं. ताडपत्रीनं तिला उचलून ओट्याच्या दगडावर टाकलं. बुलढाण्याला नेईपर्यंतही राहिली नाही. दोराचे वळ तिच्या मनगटावर होते, ते मी पाहिले. मी घरी पोचलो तेव्हा मका सगळा भिजला होता आणि अंगणात बायका होत्या.

फोनवर काय बोलणं झालं ते दोघांनाच माहीत. त्यातली एक गेली.

पाचव्या की सहाव्या दिवशी उस्ताद आला. ओट्यावर बसला. माझी पोरगी तिथं, तिचा मामा म्हणजे कौसल्याचा भाऊ तिथं, चार भाऊबंद. उस्ताद आधी खूप रडला. सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग त्यानं विचारलं. मला माहीत होतं तो विचारणार.

"तिले कोणी सांगतलं होतं का बाहीर जायाले?"

सगळे माझ्याकडं पाहून राहिले. तिचा भाऊ समोर.

"नाही," मी म्हटलं. "तिच्या मनानंच गेली."

"मक्यासाठी?"

"हाव."

उस्तादनं अंगणातल्या मक्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी तुले सगळं शिकवलं. तू तिले काऊन नाही शिकवलं बे?"

"तिले का गाडी चालवाची होती, उस्ताद?"

"वारं लायसन पाहून येते का?"

मला वाटलं आता तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. उठताना म्हणाला, "तिची गोष्ट सांगू का मी लोकायले? ढाब्यावर? चार जण थांबतीन. तू नाही म्हणशीन तर नाही सांगणार."

"सांगा."

"खरी हाये ना?"

"खरी हाये, उस्ताद."

त्यानं ती सांगितली. रोज सांगितली. बाकीच्या गोष्टींत ड्रायव्हर असायचे, त्या ऐकून माणसं चहाचा घोट घ्यायची. ही ऐकून पेला हातात राहायचा. घरची बाई, अंगणातला मका, जुनी ताडपत्री. प्रत्येकाच्या घरी तसंच आहे. ऐकून लोक घरी फोन लावायचे. "आभाळ आलं तर बाहीर जाऊ नको बरं, मका गेला तर जाऊ दे." मी स्वतः कानांनी ऐकलं. एका खाटेवर बसून पाच-पाच जण आपापल्या घरी तेच सांगत होते, जे मी सांगायला पाहिजे होतं.

एकदा मी ठरवून गेलो होतो, आज उस्तादला खरं सांगायचं. पोचलो तेव्हा त्याची गोष्ट चालू होती. तो म्हणत होता, "बाई चांगली होती. माह्या सदऱ्याचे टाके तिनं उसवून शिवून देले होते. पण मक्याचा मोह पडला. तिच्या मनानं गेली. कोणी जा म्हटलं नव्हतं." कांद्याच्या एका गाडीवाल्यानं पेला खाली ठेवला आणि गाडीकडं गेला. मालावर चढायला नाही, नुसतं दार लावायला. उस्तादनं मला पाहिलं आणि बाजूला सरकून खाटेवर जागा दिली. मी बसलो. चहा आला. सांगितलं असतं तर त्यानं ती गोष्ट त्या दिवसापासून बंद केली असती. त्याला खोटी गोष्ट सांगता येतच नव्हती. ती ऐकून माणसं वाचत होती. मी मनाशी हेच कारण धरलं. दुसरं कारण तिचा भाऊ होता, गावातले होते, आणि माझी पोरगी, जी तिकडं बीबीला दिली आहे आणि तेव्हा मला रोज फोन करायची.

उस्ताद मागच्या हिवाळ्यात गेला. घरी, अंथरुणात, तापानं. वावधन नाही, गाडी नाही. रोहिणखेडच्या रस्त्याला त्या दिवशी इतक्या गाड्या उभ्या होत्या की एस.टी. अडकली. मीही खांदा दिला. त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पोरीला सांगितलं. तो गेल्यावर महिन्याभरानं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मले मालूम होतं. आईच्या फोनात तुमचाच नंबर शेवटचा होता." एवढंच. तेव्हापासून ती रोज नाही, आठ दिवसांनी फोन करते. जेवण झालं का विचारते. दुसरं काही विचारत नाही.

या उन्हाळ्यात मी त्या ढाब्यावर गेलो होतो. आता गाडी नाही माझ्याकडं, नुसता जाऊन बसतो. दुपारी देवळाचा झेंडा काठीला चिकटला. उस्तादची खाट आता काढली आहे, पण ड्रायव्हर शिकलेले आहेत. पाच-सहा गाड्या उघड्यावर लागल्या, माणसं आत आली. ढाबा आता विटांचा, वर स्लॅब. मला घरी जायचं होतं. मी उठलो तर एक ड्रायव्हर म्हणाला, चाळिशीचा असेल, खामगावकडचा, "बसा काका. एवढ्या वाऱ्यात जाता का? तुमाले मक्यावाल्या बाईचं मालूम नाही वाटते."

"मालूम हाये."

"मंग? पाहा बरं. नवरा बिचारा ड्रायव्हर. फोनवर रडला म्हणते, नको जाऊ, नको जाऊ. आयकलंच नाही बाईनं. मका म्हणजे जीव तिचा."

हे रडणं नवीन होतं. उस्तादनं असं कधी सांगितलं नव्हतं. रस्त्यानंच ते जोडलं.

"तो रडला नाही," मी म्हटलं. "त्यानंच तिले धाडलं. घरात दार लावून बसली होती ते. त्यानं फोन करून बाहीर काढलं."

"तुमाले कोणं सांगतलं?"

"मीच तो नवरा होय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग ढाबेवाल्याकडं पाहिलं. ढाबेवाल्यानं मान हलवली, हाव, हाच. त्या ड्रायव्हरचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यानं आपला चहा माझ्यासमोर सरकवला.

"च्या घ्या, काका. बायको गेली की माणसाले असंच वाटते. माह्या बापालेबी वाटे, मीच मारलं म्हणून. असं मनाले लावून घेऊ नका."

"मनाले नाही. खरं सांगून राह्यलो. मी धाडलं तिले. स्वतः गाडीत बसून फुटाणे खात होतो."

"काका, उस्ताद खोटं बोलणारा माणूस होता का?"

"नाही. त्याले मी खोटं सांगतलं."

"जाऊ द्या," तो म्हणाला. "कोणी आपल्या बायकोले असं सांगन का?"

तेवढ्यात वारं आलं. दारातून धूळ आत घुसली. ढाबेवाल्यानं दार ओढून घेतलं आणि आम्ही सगळे भिंतीला सरकलो. कोपऱ्यात एक नवा माणूस बसला होता, वाशिमकडचा, त्याला काही माहीत नव्हतं. तो विचारत होता, कोणती बाई, कोणता मका? खामगाववाला त्याच्या बाजूला सरकला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. माझ्याकडं पाहून आवाज जरा खाली केला, बाकी सगळं तसंच, मका, मोह, आणि तो रडणारा नवरा.

वारं पाऊण तास चाललं. तोवर मला ती सगळी ऐकावी लागली, कारण अशा वाऱ्यात कोणी बाहेर पडत नाही.